राजीनाम्याचा कागद तूर्त बाजूला ठेवा

पत्र (संक्षेपाने): मी मराठवाड्यातील एका शासकीय रुग्णालयात भिषक (फिजिशियन) म्हणून काम करते. वय ३५. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मी एम.डी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि कोविड आयसीयूत रात्रपाळ्या करीत होते. एप्रिल २०२१ मधल्या एका रात्री एकच हायफ्लो मशीन (नाकावाटे जोराच्या प्रवाहाने ऑक्सिजन देणारे यंत्र) रिकामे झाले आणि त्याची गरज दोघांना होती, एक निवृत्त शिक्षक आणि एक तिशीतला ऊसतोड कामगार. मी मशीन त्या तरुणाला लावले. तो बरा होऊन घरी गेला, गुरुजी पहाटे गेले. योगायोग असा की गुरुजींचे गाव माझ्या आताच्या रुग्णालयापासून जवळ आहे. त्यांचा मुलगा दर महिन्याला आईच्या बीपीच्या गोळ्या न्यायला येतो आणि हात जोडून 'राम राम मॅडम' म्हणतो. त्याला यातले काही ठाऊक नाही. त्याला सांगावे का? अलीकडे कुणाचा मृत्यू घोषित करताना मला काहीच वाटत नाही. मागच्या महिन्यात एका आजींना तपासून 'गेल्या' असे सांगताना पहिला विचार मनात आला तो बेड रिकामा झाल्याचा. सिस्टरवर ओरडते. सुट्टीच्या दिवशीही मुलाशी बोलावेसे वाटत नाही. आठ महिन्यांपासून झोपेसाठी अल्प्राझोलाम घेते, स्वतःच लिहून. कधी कधी वाटते, सकाळी जाग आली नाही तर बरे. इथले एकमेव मनोविकारतज्ज्ञ माझ्या शेजारच्याच खोलीत ओपीडी करतात. मिस्टर म्हणतात, नोकरी सोड, क्लिनिक टाकू. सासूबाई म्हणतात, 'आमच्या काळात बायांनी रानात कामं केली, कुणाला आलता असला थकवा?' राजीनामा लिहून कपाटात ठेवला आहे. देऊ का?

डॉक्टर,

तुम्ही विचारलेले प्रश्न दोन आहेत, राजीनामा द्यावा का आणि गुरुजींच्या मुलाला सांगावे का. दोन्हींचे उत्तर देईन, पण त्याआधी पत्रातल्या एका वाक्यापाशी थांबणे भाग आहे, जे तुम्ही झोपेच्या गोळ्या आणि शेजारची ओपीडी यांच्या मधे घालून पुढे निघून गेला आहात. 'सकाळी जाग आली नाही तर बरे' असे एखादा रुग्ण तुमच्यासमोर बोलला असता, तर तुम्ही हातातले पेन खाली ठेवून त्याला पुढचे प्रश्न विचारले असते: हा विचार किती दिवसांपासून येतो, त्यापुढे जाऊन जीव देण्याचा विचार कधी आला का, त्यासाठी मनाशी काही ठरवले आहे का. तेच प्रश्न मी तुम्हाला विचारतो आहे. शेवटच्या दोहोंपैकी एकाचेही उत्तर 'हो' असेल, तर हे उत्तर वाचून संपण्याचीही वाट पाहू नका. घरातल्या माणसाला ते स्पष्ट शब्दांत सांगा आणि आजच्या आज तज्ज्ञाशी बोला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तेथे मराठीतून बोलता येते. उत्तर 'नाही' असले तरी घरातला गोळ्यांचा साठा आजपासून मिस्टरांच्या ताब्यात द्या. डॉक्टरच्या घरात औषधे जितकी सहज हाताला लागतात तितकी दुसऱ्या कुणाच्या घरात लागत नाहीत, म्हणून ही खबरदारी आपल्या व्यवसायातल्या माणसांनी जास्त घ्यायला हवी.

आता पत्राकडे वळतो. तुम्ही सगळ्या त्रासाला 'थकवा' हे एकच नाव दिले आहे आणि घरातल्यांनीही तेच धरून आपापले उपाय सांगितले आहेत. मला तुमच्या पत्रात तीन वेगवेगळी दुखणी दिसतात. कामाच्या ओझ्याने आलेला शिणवटा हे एक, एप्रिल २०२१ च्या त्या रात्रीने मनाला केलेली जखम हे दुसरे, आणि या दोहोंच्या आडून बहुधा नैराश्याचा आजारही शिरलेला आहे. तिन्हींची लक्षणे एकमेकांत मिसळलेली असली तरी औषध एक नाही. शिणवटा रजेने आणि ड्युटीच्या फेरमांडणीने उतरेल, नैराश्य नुसत्या रजेने उतरणार नाही, आणि त्या रात्रीची जखम गोळीने भरून येणार नाही. राजीनाम्याने यांपैकी फार तर पहिल्या दुखण्याला आराम पडेल, तोही पडेलच असे नाही.

नैराश्यापासून सुरुवात करू, कारण ते असेल तर बाकीचे कोणतेच निर्णय सरळ डोक्याने घेता येत नाहीत. सुट्टीच्या दिवशी, रुग्णालयापासून दूर, स्वतःच्या मुलाशी बोलण्याचीही इच्छा होत नाही, ही तुमच्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली नोंद आहे. निव्वळ कामाचा शीण असलेला माणूस दोन-चार दिवस गावाकडे जाऊन आला, शेतात फिरला, पोटभर झोपला, की थोडा तरी खुलतो. नैराश्य मात्र माणसाबरोबर गावाकडे येते. पीएचक्यू-९ ही नैराश्य चाचपणारी नऊ प्रश्नांची प्रश्नावली तुम्हाला ठाऊक आहेच. गेल्या दोन आठवड्यांचा विचार करून ती प्रामाणिकपणे भरा. बेरीज दहा किंवा त्याहून अधिक आली, किंवा बेरीज कितीही असो, मरणाच्या विचारांविषयीच्या नवव्या प्रश्नाचे उत्तर शून्य आले नाही, तर पुढची तपासणी टाळता येणार नाही. आपल्याकडे २०१५ पासून शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी प्रेरणा प्रकल्प राबवला जातो. उदास दिसणारा, जेवणखाण तुटलेला शेतकरी समोर आला की तुम्ही त्याला न लाजता मनोविकार विभागाकडे पाठवत असाल. तीच चिठ्ठी स्वतःच्या नावाने लिहायला डॉक्टरचा हात अडतो. रुग्णाच्या बाबतीत जे कराल तेच स्वतःच्या बाबतीत करा, म्हणजे त्याबरोबरच हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ सुद्धा तपासून घ्या. मराठवाड्यातल्या प्रत्येक बाईचे हिमोग्लोबिन तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंचे स्वतःचे हिमोग्लोबिन किती, हे त्यांनाच ठाऊक नसते, असे मी अनेकदा पाहिले आहे.

शेजारच्या खोलीतल्या सहकाऱ्याकडे जाऊ नका. ते चांगले नसतील असे नाही, पण उद्या त्याच माणसाबरोबर मेडिकल बोर्डात बसायचे आहे आणि त्याच कॅन्टीनमध्ये चहा घ्यायचा आहे, अशा ठिकाणी माणूस पूर्ण बोलत नाही, आणि अर्धवट बोलण्यावर उपचार अर्धवटच होतात. छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड यांपैकी जे तुम्हाला जवळ पण ओळखीपासून दूर असेल, तिथल्या तज्ज्ञांकडे जा. पहिली भेट समोरासमोर व्हावी, नंतरच्या भेटी व्हिडिओवरून झाल्या तरी चालतात. दूरस्थ सल्ल्याला मार्च २०२० पासून अधिकृत मार्गदर्शक तत्त्वांचा आधार आहे. बोभाट्याची भीती मी खोटी म्हणत नाही, तालुक्याच्या गावात डॉक्टरची गाडी कुठे उभी होती हेसुद्धा संध्याकाळपर्यंत बाजारपेठेत कळते. परंतु मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने उपचारांविषयीची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क ठरवला आहे, आणि तो हक्क रुग्ण स्वतः डॉक्टर असला म्हणून कमी होत नाही.

अल्प्राझोलामविषयी थोडे कठोर बोलतो. आठ महिने रोज घेतलेली ही गोळी आता झोपेचे औषध राहिलेली नसून सवय झालेली असण्याची शक्यता मोठी आहे. हे वाचून ती आज रात्रीपासून एकदम बंद करू नका. एकदम तोडल्यास बेचैनी, झोप पूर्ण उडणे, क्वचित झटके येणे हे सगळे तुम्ही इतरांच्या बाबतीत पाहिलेले आहे. मात्रा किती दिवसांत आणि कशी उतरवायची हे तुमच्या नव्या डॉक्टरांना ठरवू द्या, आणि स्वतःच्या नावाची चिठ्ठी स्वतः लिहिणे मात्र आजच थांबवा. नैराश्यावरची औषधे सुरू झाली तर त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या पंधरवड्यात 'काही फरक नाही' म्हणून सोडून देणारे जे रुग्ण असतात, त्यांत डॉक्टरांची संख्या कमी नसते.

आता शिणवट्याचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात बर्नआउटची नोंद आहे, पण आजार म्हणून नाही, तर कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ राहिलेल्या आणि नीट न हाताळलेल्या ताणातून उद्भवणारी अवस्था म्हणून. शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी मनात आलेला दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही ही जाणीव, अशा तीन खुणा तिथे दिल्या आहेत. तिन्ही तुमच्या पत्रात आहेत. वर्गीकरणाचा तपशील मी मुद्दाम सांगतो आहे, कारण त्यात दोषाची जागा नेमकी दाखवलेली आहे. कमतरता कामाच्या मांडणीत असते, आणि तिची लक्षणे मात्र माणसात दिसतात.

बेड रिकामा झाल्याचा तो विचार घ्या. तुम्ही त्याला स्वतःच्या निर्दयपणाचा पुरावा मानले आहे. मी त्याकडे वेगळ्या नजरेने पाहतो. ज्या वॉर्डात खाटा भरून जमिनीवर गाद्या टाकलेल्या असतात, जिथे कॅज्युअल्टीतून सिस्टरचा फोन येतो की अजून दोन आहेत, कुठे घ्यायचे, जिथे संध्याकाळच्या राउंडला एक मामा पायथ्याशी बसून विचारतात, 'मॅडम, वर खाट कधी मिळंल?', तिथे खाटांचा हिशेब चोवीस तास तुमच्या डोक्यात चालू असतो. आजी गेल्या त्या क्षणी हिशेब आधी बोलला आणि दुःखाला बोलायला वेळ मिळाला नाही. रुग्णालयाच्या खात्यावरची तूट तुम्ही वर्षानुवर्षे स्वतःच्या नावावर मांडत आला आहात, आणि आता त्या तुटीचे व्याजही स्वतःच फेडता आहात. निर्दय माणसाला हा विचार महिनाभर सलत राहत नाही, आणि तो असा पत्रात लिहून कळवतही नाही.

ड्युटीच्या तासांचा तुम्ही वेगळा उल्लेख केलेला नाही, पण पत्राच्या शेवटी 'आज सकाळी नऊला सुरू झालेली ड्युटी उद्या दुपारी संपेल, मग स्कूटीवर घरी' असे ओझरते लिहिले आहे. सलग १७ तास जागे राहिल्यावर माणसाचे लक्ष आणि हात-डोळ्यांचा मेळ रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखा बिघडतो आणि २४ तासांनंतर तो सुमारे ०.१० टक्के मद्याच्या पातळीला जातो, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ सालीच दाखवले आहे. आपल्याकडे वाहन चालवण्यासाठीची कायदेशीर मर्यादा ०.०३ आहे. म्हणजे ड्युटी संपवून तुम्ही स्कूटीला किल्ली लावता तेव्हा, दारूचा थेंबही न घेता, कायद्याने ज्याला गाडी चालवू दिली नसती अशा माणसाच्या अवस्थेत तुम्ही रस्त्यावर उतरता. त्याच अवस्थेत तासाभरापूर्वी तुम्ही इन्सुलिनची मात्रा लिहिलेली असते. लांब ड्युटीनंतर स्वतः गाडी चालवायची नाही, एवढा नियम या आठवड्यापासून पाळा. मिस्टरांनी न्यायला यावे किंवा रिक्षा करावी.

निवासी डॉक्टरांच्या, म्हणजे पदव्युत्तर शिक्षण घेता घेता रुग्णालयात राबणाऱ्यांच्या, कामाचे तास दिवसाला साधारणपणे बारापेक्षा जास्त असू नयेत, असे केंद्र सरकारने १९९२ मध्येच म्हटले होते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती गटाने २०२४ च्या अहवालात निवासी डॉक्टरांसाठी आठवड्याला ७४ तासांची कमाल मर्यादा आणि एक साप्ताहिक सुट्टी सुचवली. तुम्ही आता निवासी डॉक्टर नाही, त्यामुळे हे आकडे घेऊन जिल्हा शल्यचिकित्सकांशी भांडता येणार नाही, पण निदान त्यावरून एवढे दिसते की तुम्ही मागाल ते चैनीचे नाही. मागणी तोंडी करू नका, लेखी करा, आणि 'मला त्रास होतो' अशी न करता रोस्टरच्या भाषेत करा: रात्रीच्या ड्युटीनंतरच्या सकाळी ओपीडी नको, महिन्याचे रोस्टर आधी लागावे, आठवड्यातला एक दिवस कोणत्याही ऑन-कॉलशिवाय असावा, रिकाम्या पदावर कंत्राटी भिषक मिळावा. शक्य असेल तर भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ सहकाऱ्यांनाही सही करायला सांगा, कारण एकट्या डॉक्टरीणबाईचा अर्ज 'वैयक्तिक अडचण' या शेऱ्याखाली फाइलमध्ये जातो.

तुमच्या रुग्णालयात ताणतणाव व्यवस्थापनाची कार्यशाळा झाली आणि ती ओपीडी संपल्यावर, हजेरी सक्तीची करून घेतली, हे वाचून हसू आले, पण आश्चर्य वाटले नाही. श्वसनाचे व्यायाम आणि ध्यान यांना माझा विरोध नाही, ज्याला जमते त्याला त्यांचा उपयोगही होतो. परंतु डॉक्टरांच्या बर्नआउटवरच्या अनेक अभ्यासांचे २०१७ मध्ये जे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले, त्यात व्यक्तीला शिकवण्यापेक्षा कामाच्या ठिकाणी केलेल्या बदलांचा परिणाम अधिक आढळला. कार्यशाळा भरवणे स्वस्त असते आणि पदे भरणे महाग, म्हणून कार्यशाळा भरतात. आणि पदे, औषधे, यंत्रे नसल्याचा परिणाम एकदा उघड्यावर आला की खापर कुणाच्या डोक्यावर फुटते, तेही आपण पाहिलेले आहे. ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावल्याच्या बातमीनंतर एका खासदारांनी अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावले आणि ती चित्रफीत घरोघरी मोबाइलवर फिरली. ती पाहणाऱ्या प्रत्येक शासकीय डॉक्टरने त्यातून जे घ्यायचे ते घेतले असणार.

रजेविषयी एवढेच की रुग्ण कमी असण्याची वाट पाहू नका. पावसाळ्यात सर्पदंश आणि डेंगी, दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांकडे निघालेल्या ऊसतोड टोळ्यांमधली आजारी माणसे, उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावरचे जुलाब आणि उष्माघात. आपल्या भागात रिकामा महिना येत नाही. अर्जित रजेला आजाराचे कारण लिहावे लागत नाही. वैद्यकीय प्रमाणपत्रावरच्या परिवर्तित रजेची सोयही तुमच्या रजा नियमांत आहे, पण निदानाचा कागद कार्यालयात फिरू नये असे वाटत असेल तर पहिला अर्ज अर्जित रजेचा करा. दोन-तीन दिवस काढून उपयोग नाही, किमान तीन आठवडे घ्या.

उरली ती रात्र. त्या एप्रिलमध्ये मराठवाड्यात काय चालले होते ते आठवा. अंबाजोगाईत एकाच रुग्णवाहिकेतून २२ मृतदेह स्मशानभूमीकडे नेल्याची बातमी त्याच महिन्यातली. रेमडेसिव्हिरसाठी नातेवाईक जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरत होते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णालयातल्या रुग्णांना ते देऊ नये असा सल्ला नोव्हेंबर २०२० मध्येच दिलेला होता, हे माहीत असूनही तुम्हा मंडळींना ते चिठ्ठीवर लिहावे लागत होते, कारण न लिहिणारा डॉक्टर नातेवाइकांना बेफिकीर वाटत होता. अशा दिवसांत तुमच्या हाती कुणाला वाचवावे हा निर्णय कधी नव्हताच. तुटवडा वरून ठरून आला होता, आणि तो रुग्णाच्या अंगावर उतरवण्याचे काम वॉर्डात जागी असलेल्या, सर्वांत कमी अधिकाराच्या आणि सर्वांत तरुण डॉक्टरवर आले. यंत्रांची टंचाई असेल तर ते कुणाला लावायचे हे उपचार करणाऱ्या डॉक्टरने एकट्याने ठरवू नये, वेगळ्या गटाने ठरवावे, असे जगभरच्या अनेक मार्गदर्शक सूचना सांगत होत्या. तसा गट तुमच्या मदतीला त्या रात्री तीन वाजता नव्हता.

अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांबरोबर काम करताना १९९० च्या दशकात या प्रकारच्या दुखण्याचे वर्णन केले. भीतीने बसलेल्या धक्क्यापेक्षा ते निराळे असते. तिथे माणसाला सारखे वाटत राहते की आपल्याला जे योग्य वाटते त्याच्याविरुद्ध आपल्या हातून काही घडले किंवा घडवून घेतले गेले. महासाथीनंतर डॉक्टर आणि परिचारिकांच्या बाबतीत त्याचा विचार गांभीर्याने होऊ लागला. 'तुमची काही चूक नव्हती' असे दहा जणांनी दहा वेळा सांगून ते बरे होत नाही, आणि म्हणून मी ते वाक्य तुम्हाला ऐकवणार नाही.

एक काम सांगतो. त्या रात्रीची केस-नोट लिहा, जशी एम.डी.ला असताना लिहीत होता तशी. दोघांची वये, सॅच्युरेशन, श्वासाचा वेग, एचआरसीटीचा स्कोअर, आधीचे आजार, किती दिवसांपासून दाखल, सीनियरला फोन लागला का, ते काय म्हणाले. हायफ्लो मिनिटाला ४० ते ६० लिटर ऑक्सिजन ओढते. दुसरे यंत्र असते तरी त्याला पुरेल इतका दाब त्या रात्री पाइपलाइनला होता का, की जम्बो सिलिंडर बदलता बदलता वॉर्डबॉय मामांची पाठ मोडत होती, हेही लिहा. पहाटे काय होणार हे तीन वाजता ठाऊक नव्हते, म्हणून पहाटेची माहिती तीन वाजताच्या रकान्यात येऊ देऊ नका. ही नोट घेऊन त्या रात्री बरोबर असलेल्या एखाद्या बॅचमेटला किंवा सिस्टरला भेटा आणि ती वाचून दाखवा. माझा अंदाज असा की त्यांच्याजवळही अशीच एक रात्र असेल आणि त्यांनीही ती कुणाला सांगितलेली नसेल. नंतर हीच नोट तुमच्या नव्या डॉक्टरांकडे न्या.

गुरुजींच्या मुलाला सांगावे का, यावर मी बराच विचार केला. माझे मत असे आहे की आज सांगू नये. सांगितल्यावर तुमच्या छातीवरचा दगड क्षणभर हलका होईल, पण तो त्याच्या छातीवर ठेवला जाईल, आणि 'माझ्या वडिलांऐवजी दुसऱ्याला' एवढेच वाक्य घेऊन तो गावी परतेल. शिवाय तुमच्याकडे त्याला देण्यासारखा खरा निष्कर्षही नाही; हायफ्लोवर असलेले किती रुग्ण त्या महिन्यात गेले हे तुम्हीच पाहिले आहे, त्यामुळे यंत्र मिळते तर गुरुजी वाचलेच असते असे तुम्ही शपथेवर सांगू शकत नाही. मात्र त्याने कधी आपण होऊन विचारले, 'मॅडम, दादांना व्हेंटिलेटर का नाही मिळाला?', तर खोटे बोलू नका. त्या रात्री यंत्रे रुग्णांपेक्षा कमी होती आणि सगळ्यांना पुरली नाहीत, हे तेवढ्याच शब्दांत सांगा. बाजूच्या रुग्णाचा विषय काढू नका, ती त्या रुग्णाचीही खासगी गोष्ट आहे.

सांगण्यासारखे दुसरे काही मात्र तुमच्याजवळ आहे, आणि ते तुमच्याच पत्रात आहे. गुरुजींनी मध्यरात्रीनंतर चष्मा मागितला, पिशवीत शोधून तुम्ही तो त्यांना लावून दिला, आणि त्यांनी भिंतीवरच्या घड्याळात वाजले किती ते पाहिले, असे तुम्ही लिहिले आहे. कोविड वॉर्डात नातेवाइकांना प्रवेश नव्हता. आपला माणूस शेवटच्या रात्री कसा होता, कुणी त्याच्याजवळ गेले होते का, त्याने काही मागितले का, हे त्या कुटुंबांना आजतागायत कळलेले नाही, आणि मृतदेहही बांधलेल्या अवस्थेत दुरूनच पाहायला मिळाले. तुम्ही सावरल्यानंतर, ओपीडीतली गर्दी ओसरलेल्या एखाद्या दुपारी, त्याला बसवून घेऊन 'तुमचे वडील माझ्या वॉर्डात होते' एवढी सुरुवात करून ही चष्म्याची गोष्ट सांगता आली तर सांगा. घाई नाही, आणि सांगितलेच पाहिजे असेही नाही. स्वतःच्या सुटकेसाठी सांगत असल्याचे त्या दिवशी मनाला जाणवले, तर गोळ्या लिहून द्या आणि त्याला जाऊ द्या.

घरच्या मंडळींविषयी थोडक्यात. सासूबाईंचा प्रश्न मला टोमणा वाटत नाही. त्यांच्या पिढीच्या बायकांना थकवा आला नव्हता असे नाही, तो सांगायची मुभा नव्हती. त्यांना बर्नआउट समजावत बसू नका. 'बीपीसारखाच एक आजार आहे, गोळ्या चालू केल्यात, तीन महिने लागतील' एवढे सांगा. अंगावर काढू नये हे त्यांना कळते. मिस्टरांशी मात्र पूर्ण बोला, जाग न येण्याच्या त्या वाक्यासकट. ते नोकरी सोडण्याचा सल्ला देत आहेत, कारण त्यांना फक्त थकवा दाखवला गेला आहे. सिस्टरची एकदा सरळ माफी मागा, कारणमीमांसा न देता.

आणि राजीनामा. आज देऊ नका, असे माझे स्पष्ट मत आहे. नैराश्यात असलेल्या मनाला सगळ्या वाटा बंद दिसतात आणि जी एक उघडी दिसते तीच बरोबर वाटते. तपासणी होऊ द्या, उपचार लागू पडू द्या, रजा भोगून या, आणि मग साधारण तीन महिन्यांनी तो कागद कपाटातून काढा. त्या वेळीही सोडावेसे वाटले तर सोडण्यात कमीपणा काहीच नाही, शासकीय सेवेत राहूनच गरिबांची सेवा होते असा माझा आग्रह नाही. त्या दिवशी विचार करायचे मुद्दे वेगळे असतील. तालुक्याच्या गावात एकट्या भिषकाने क्लिनिक टाकले की रात्रीचा कॉल घ्यायला दुसरे कुणी नसते, आणि त्यामागे चार खाटा आल्या की कर्ज, स्टाफ आणि नातेवाइकांचा रोष हेही आले. पगारी रजा मात्र संपते. दुसरीकडे, रोस्टर स्वतःच्या हाती येते आणि फक्त ओपीडी ठेवली तर संध्याकाळी घरी जाता येते. बदली, मोठ्या रुग्णालयातली गटाने केलेली प्रॅक्टिस, किंवा एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवण्याची जागा, हेही पर्याय तेव्हा मोकळ्या मनाने तपासता येतील. मिस्टर क्लिनिकसाठी गाळे पाहायला आतापासूनच निघाले असतील तर भाड्याचा करार तेवढा त्यांना थांबवायला सांगा. अर्जित रजेचा अर्ज मात्र याच आठवड्यात आवक विभागात द्या आणि पोचेची सही घ्यायला विसरू नका.